आबा आणि खुब्याचा बुश

आज आबांना खुब्यासाठी हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभं राहिलेला माणूस. आता रंकाळ्यावर दोन बाकांमधलं अंतरसुद्धा जड जातंय.

डॉक्टरांनी कृत्रिम सांधा हातात दिला. टायटॅनियमचा दांडा, वर सिरॅमिकचा गुलाबी गोळा, वाटीत पांढरं प्लॅस्टिकचं अस्तर. आबांनी चष्मा कपाळावर चढवला, गोळ्यावरनं अंगठा फिरवला आणि थेट विचारलं, "डॉक्टरसाहेब, ह्यो बुश किती वर्सं टिकंल?" (बुश म्हणजे यंत्रात फिरत्या दांड्याभोवती बसवतात ती नळी.)

डॉक्टर हसले, पण उत्तर नीट दिलं. 2019 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात 15 वर्षांनी 100 पैकी 89 सांधे शाबूत होते, 20 वर्षांनी 70 आणि 25 वर्षांनी 58. तेही जुन्या काळात बसवलेले. पूर्वी खरी गोची अस्तराची होती. ते झिजायचं, त्याचे बारीक कण आजूबाजूचं हाड पोखरायचे आणि सांधा ढिला पडायचा. आताचं क्रॉसलिंक केलेलं, म्हणजे आतल्या साखळ्या एकमेकींना घट्ट जोडलेलं प्लॅस्टिक फारच कमी झिजतं. वय कमी आणि धावपळ जास्त असेल, तर मात्र पुन्हा ऑपरेशनची शक्यता वाढते.

"मी अडुसष्ट वर्सांचा. म्हंजे मीच आधी झिजणार की!" आबा खूश. मला कसंतरीच झालं, ते सोडा.

खर्चाचा कागद अजून खिशात घडी करून ठेवलाय, आईला दाखवलेला नाही. आबा रिक्षात बसल्यापासून एकच बोलतायत, "फिनिशिंग बघितलंस का रं त्या गोळ्याचं?"