अण्णासाहेब लठ्ठ्यांबद्दल थोडं

कोल्हापुरात लठ्ठ्यांचं नाव काढलं की जाणकार माणूस लगेच म्हणतो, शाहू महाराजांचं चरित्र लिहिलेले ना? बरोबर आहे, महाराज १९२२ ला गेले आणि १९२४ ला लठ्ठ्यांचं इंग्रजी चरित्र आलं, आजही शाहू महाराजांवर लिहिणाऱ्याला ते उघडावंच लागतं. पण हा माणूस वकील होता, आपल्या संस्थानचा दिवाण होता आणि पुढे अख्ख्या मुंबई प्रांताचा अर्थमंत्री होता, आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणी फारसं बोलत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अण्णा बाबाजी लठ्ठे, जन्म १८७८, गाव कुरुंदवाड. एम.ए., एलएल.बी. झाले. १८९९ ला स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा उभी राहिली, त्यातल्या पहिल्या फळीत हे होते. नंतर राजाराम कॉलेजात इंग्रजी शिकवलं, संस्थानच्या शिक्षण खात्यात काम केलं, आणि जैन बोर्डिंगची, म्हणजे जैन मुलांच्या वसतिगृहाची, जबाबदारीही त्यांच्याकडे होती.

आता बोर्डिंग म्हटलं की ती गोष्ट सांगायलाच पाहिजे. तिथे भाऊराव पाटील नावाचा एक मुलगा राहायचा, म्हणजे आपले पुढचे कर्मवीर. १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल सुरू झालं, त्या कार्यक्रमाला भाऊराव गेले, परत आल्यावर त्यांना आंघोळ करून मगच आत ये म्हणून सांगितलं, पोरगं ऐकेना, शेवटी बोर्डिंगमधून बाहेर काढलं. यात लठ्ठ्यांचं चुकलंच, मला त्यात सारवासारव करायची नाही. सुधारणेची भाषा बोलणाऱ्या माणसालासुद्धा बोर्डिंगच्या दारात तो जुना नियम मोडता आला नाही.

पण पुढे काय झालं बघा. १९१४ ला कोल्हापुरात इंग्रजांच्या राजाच्या, सातव्या एडवर्डच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं आणि संशयाची सुई लठ्ठ्यांकडे वळवली गेली. पुरावा पाहिजे होता म्हणून पोलिसांनी भाऊरावांना धरलं, लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष दे म्हणून छळ केला, कोठडीत टाकलं. ज्याने आपल्याला बोर्डिंगमधून काढलं त्याचा हिशेब चुकता करायची आयती संधी होती की, एक खोटी साक्ष दिली की सुटका. भाऊरावांनी जिवावर बेतलं तरी दिली नाही. आपण ही गोष्ट कर्मवीरांचा मोठेपणा म्हणून सांगतो आणि तो आहेच, पण त्यातले लठ्ठे तिथेच संपतात, पुढे त्यांचं काय झालं ते कोणी विचारत नाही.

कोल्हापूर सुटलं. बेळगावात वकिली सुरू केली. १९२० च्या निवडणुकीनंतर दिल्लीच्या असेंब्लीत, म्हणजे केंद्रीय कायदेमंडळात गेले. मग महाराजांचं चरित्र लिहिलं, म्हणजे ज्या दरबारातून असं निघावं लागलं त्याच दरबाराच्या राजाचं, आणि मन लावून लिहिलं. आणि १९२६ ला त्याच कोल्हापूरचे दिवाण होऊन परत आले, शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज यांच्या काळात. ज्या गावात आपल्यावर पुरावे गोळा केले जात होते तिथेच बारा वर्षांनी कारभार हातात घ्यायचा, हे मला त्यांच्या सगळ्या पदव्यांपेक्षा मोठं वाटतं.

१९३७ ला काँग्रेसकडून निवडून आले आणि बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात अर्थखातं मिळालं. मोरारजी देसाई, कन्हैयालाल मुन्शी हे त्यांचे सहकारी. त्यात लठ्ठ्यांच्या वाट्याला सगळ्यात अवघड काम आलं, कारण दारूबंदी करायची हा काँग्रेसचा शब्द होता आणि प्रांताच्या तिजोरीत अबकारीचा, म्हणजे दारूवरच्या कराचा पैसा भरपूर, मग तो बुडाल्यावर शाळा आणि दवाखाने कशावर चालवायचे? १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली आणि त्याची भरपाई म्हणून लठ्ठ्यांनी शहरी मालमत्तेवर भाड्याच्या मूल्याच्या १० टक्के कर आणला. मुंबईतल्या घरमालकांनी, त्यातही पारशी मंडळींनी केवढा विरोध केला!

प्रकरण हायकोर्टात गेलं. कराविरुद्ध कोर्टात गेलेले घरमालक सर बैरामजी जीजीभॉय यांच्या बाजूचं म्हणणं असं की हा नावाला मालमत्ता कर आहे, खरा आयकरच, आणि केंद्र आणि प्रांतांचे अधिकार वाटून देणाऱ्या १९३५ च्या कायद्याप्रमाणे आयकर लावायचा अधिकार केंद्राचा, प्रांताचा नाही. मुद्दा साधा नव्हता, कारण कर मोजला जात होता भाड्यावरून. पण कोर्टाने सांगितलं की हा जमीन आणि इमारतींवरचाच कर आहे, प्रांताला तो लावता येतो. कर टिकला. अर्थमंत्री कायदा जाणणारा असला की काय फरक पडतो ते इथे दिसतं, त्या कायद्यातल्या प्रांताच्या अधिकारांच्या यादीतलं जे कलम हाताशी होतं त्यातूनच त्यांनी पैसा उभा केला.

नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, भारताला न विचारता महायुद्धात ओढलं म्हणून. १९५० ला लठ्ठे गेले. सांगलीत लठ्ठे एज्युकेशन सोसायटीमुळे त्यांचं नाव रोज पोरांच्या तोंडी असतं. आपल्याकडे निदान डांबर प्रकरण सांगताना तरी दोन वाक्यं जास्त सांगा, की ते पुढे इथलेच दिवाण झाले आणि प्रांताचं बजेट त्यांनी मांडलं.