सातपैकी दोन

आमच्या धंद्याचा पाया एका फुटक्या काचेवर आहे. काच मीच फोडली. मी मुळात पत्र्याचा माणूस, काचेतलं ओ की ठो कळत नव्हतं. शाळेची जुनी बस, तिचं राहतं घर करून द्यायला, माझ्याकडे आली होती आणि एक खिडकी अर्धीच ठेवायची होती. म्हटलं, काच कापू. हिरकणीनं रेघ ओढली, कडेला टिचकी दिली, आणि अख्ख्या काचेचे खडे होऊन बुटांवर पडले. काचवाले काका बाकावर बसून बघत होते. म्हणाले, "टफन आहे ती. ६०० अंशांच्या वर तापवून वाऱ्याच्या झोताखाली एकदम गार करतात. वरचा थर आवळलेला, आतला ताणलेला. कापाकापी, भोकं, सगळं भट्टीच्या आधी."

"मग आधी का नाही बोललात?"

"तू विचारलंस कुठे?"

पुढच्या आठवड्यापासून काका भागीदार. पत्रा माझा, काच त्यांची. त्यांनी सोबत एकच हत्यार आणलं: दोन लाकडी मुठींमध्ये बांधलेली पोलादी तार. काच चौकटीला धरून ठेवणाऱ्या जुन्या सीलंटमधून तार आरपार घालायची, एक जण आत, एक बाहेर, करवतीसारखी ओढत जायची. चौकटीला ओरखडा नाही. आता बॅटरीवरची कटरं आली आहेत, पण तार अजून माझ्या टेबलामागे टांगलेली आहे आणि ती कोणी उसनी मागायची नाही.

मधली पाच-सहा वर्षं बरी गेली, सांगण्यासारखं काही नाही. मग बाईंची बस आली.

बाई निवृत्त शिक्षिका. बस त्यांच्याच शाळेची, मोडीत निघालेली, त्यांनी विकत घेतली. एका चौकटीवर कुणीतरी कर्कटकानं पाढा कोरला होता, ती चौकट बदलायची नाही अशी अट. काही खिडक्या पत्र्यानं बंद केल्या, कपाटांना भिंत हवी म्हणून. ते काम आजही बिनतक्रार आहे. वरचा पत्रा खालच्यावर चढवायचा, कौलांसारखा, आणि पोलादाला अ‍ॅल्युमिनियम उघडं भिडू द्यायचं नाही, नाहीतर ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. उरलेल्या सात खिडक्या काढून, साफ करून पुन्हा बसवायच्या होत्या. घाई होती. जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडलं, वरून स्वच्छ दिसलं, नव्या सिलिकॉनची नळी फिरवली. पण जुन्याचा पातळ थर तसाच होता, आणि त्यावर दुसरं काही नीट धरत नाही. नवं सिलिकॉनसुद्धा नाही.

पहिल्या पावसात सातही खिडक्यांखालचा प्लाय फुगला.

आमच्याकडेच रंगकाम शिकून पलीकडे दुकान थाटलेला एक जण नेमका तेव्हा आला. फुगलेल्या प्लायवर बोट ठेवून त्यानं फोटो काढला आणि गिऱ्हाईक आलं की तो दाखवायला लागला. "सातच्या सात गळतायत बघा." तीन जणांनी आगाऊ रक्कम परत नेली. वेल्डिंग मशीन विकावं लागलं. काका दोन महिने घरी काही न्यायचे नाहीत आणि त्याबद्दल बोलायचेही नाहीत. त्या दिवसांत मला रात्री नळाचा आवाज आला तरी जाग यायची.

बाई मात्र रागावल्या नाहीत. सकाळी खडूचा डबा घेऊन आल्या, आत प्रत्येक खिडकीखाली जाड रेघ मारली आणि म्हणाल्या, "आता पाणी सोडा. रेघ कुठे पुसली जाते ते मी बघते." पाइप मी धरला. खालून सुरुवात, एका जागी चार-पाच मिनिटं, मग वर. वरूनच पाणी सोडलंत तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही, हे ध्यानात ठेवा. पाच रेघा पुसल्या. दोन कोरड्याच. पाइप पार छताच्या कडेच्या दिव्यांपर्यंत नेला, तेव्हा कुठे त्या दोन ओल्या झाल्या. दिव्यांचं रबर कुजलेलं. पाणी तिथून शिरून छताच्या पोकळ कमानीतून खाली उतरायचं आणि खिडकीपाशी बाहेर यायचं. म्हणजे सातपैकी दोन आमच्या नव्हत्याच! हे मी त्या फोटोवाल्याला तिथल्या तिथे सांगितलं. तो हसला.

सातही खिडक्या पुन्हा काढल्या, फुकटात. चौकट उघड्या धातूपर्यंत घासली, ब्युटाइल रबराची चिकट पट्टी लावली, ती वर्षानुवर्षं मऊ राहते आणि गाडीच्या हादऱ्यांबरोबर हलते. बाहेरून पॉलियुरेथेनचं सीलंट. ते हवेतल्या ओलाव्यानं सुकतं, म्हणून लगेच गाडी हलवू नका. आणि थंडीत खिडकीखाली पाणी दिसलं की थेट कारागिराला फोन लावू नका. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता काचेच्या सुमारे २०० पट सहज निसटते. गार चौकटीवर तुमच्याच श्वासाचं पाणी धरतं. आधी फडक्यानं पुसून बघा.

तो फोटोवाला आता दोन खिडक्यांमधला खांब कापून रुंद खिडक्या बसवतो. दिसतात झकास. पण छत त्याच खांबांवर उभं असतं आणि गाडी उलटली तर माणसांना तेच वाचवतात. त्याची एक बस आमच्याकडे आली, छत बोटभर खचलेलं, दार अडकलेलं. नवा खांब घालून दिला. फोटो काढलाय. दाखवत मात्र नाही कुणाला. फारसा.

बाई गेल्या महिन्यात आल्या होत्या, मागच्या संकटकालीन खिडकीची कडी जड झाली म्हणून. ती आतून, हत्याराशिवाय, एका हातानं उघडलीच पाहिजे. पडदा किंवा कपाट लावून अडवू नका. सोबत त्यांची एक मैत्रीण होती, तिलाही बस करायची आहे. बाईंनी माझी ओळख करून दिली, "फार प्रामाणिक माणूस. माझ्या सात खिडक्या गळत होत्या, सगळ्या फुकट करून दिल्या."

"पाच, बाई," मी म्हटलं.

"हो, हो, पाच," बाई म्हणाल्या आणि मैत्रिणीकडे बघून हसल्या.