हे तू पाहिलंस का?

आठवीत मराठीला लाभलेल्या आमच्या सरांची निबंध तपासायची रीत वेगळी होती. शुद्धलेखन ते दुरुस्त करतच, पण समासात लाल पेनाने एक प्रश्नही लिहीत : ‘हे तू पाहिलंस का?’ ‘पहिला पाऊस’ या निबंधात आमच्या वर्गातल्या बहुतेक वह्यांत मोर नाचत होता, चातकाची तहान भागत होती आणि बळीराजा सुखावला होता. सगळं गाइडातलं. सगळ्या वह्यांत तोच प्रश्न उमटला.

रावेर तालुक्यातल्या पोरांना पहिला पाऊस चांगलाच ठाऊक होता. मे संपता संपता वादळ सुटतं आणि कापणीला आलेली केळीची बाग तासाभरात आडवी होते. घडाच्या ओझ्याने झाड आधीच कललेलं असतं, वाऱ्याने खांब मधोमध मोडतो. न भरलेला माल व्यापारी घेत नाही. तो गुरांपुढे टाकावा लागतो.

सरांनी निबंध पुन्हा लिहायला लावला. मी आमच्या बागेबद्दल लिहिलं. अप्पा मोडलेल्या खांबांतून वाट काढत एकेक घड उचलून बघत होते, केळी कितपत भरलीत ते बोटांनी चाचपत होते. चिकाने त्यांचा सदरा डागाळला होता. मी ‘भयाण वादळ’ लिहिलं होतं, त्यातलं ‘भयाण’ सरांनी खोडलं. म्हणाले, “अप्पा काय करत होते ते सांगितलंस ना? मग तेवढं पुरे.” लिहिण्याबद्दल याहून मोलाचं मला पुढे कुणी काही शिकवलं नाही.

त्याच वर्षी त्यांनी बहिणाबाई चौधरींच्या कविता वाचून दाखवल्या. बहिणाबाई असोद्याच्या, आमच्याच जळगाव जिल्ह्यातल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी, त्यांचा मुलगा सोपानदेव यांच्यामुळे, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं. ‘ळ’चा ‘य’ करणारी आमच्या घरातली बोली, जी आम्ही जळगावला गेलो की दाबून ठेवायचो, ती पुस्तकात मानाने बसली होती. वर्गात पोरं ताठ बसून ऐकत होती. सरांनी मात्र तिथेही बजावलं, की बोलीतले चार शब्द पेरले म्हणून लेखन आपलं होत नाही. या बाईने चूल, जातं, शेत किती निरखून पाहिलंय ते आधी बघा.

मी आज शेतीविषयक लेखन करतो. लेख हातावेगळा करण्याआधी तो समासातला प्रश्न स्वतःला विचारतो, आणि दरवेळी एखादा परिच्छेद गळतो.

सरांनी शाळेत सुरू केलेल्या हस्तलिखिताचे, म्हणजे मुलांनी हाताने लिहिलेल्या अंकाचे, जुने अंक शाळेच्या ग्रंथालयाच्या कपाटात आहेत. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ते स्कॅन करून घ्यावेत, अशी महोत्सव समितीला मनापासून विनंती आहे. खर्चाचा वाटा मी आनंदाने उचलीन. आणि हस्तलिखित बंद पडू देऊ नका. आठवीच्या पोरांना त्यात लिहू द्या, त्यांच्या बागेबद्दल, त्यांच्या घराबद्दल.