बर्फावर उजळणारे कापड

जपानच्या निइगाता प्रांतात हिवाळा सरत आला की, शेतांवर साचलेल्या बर्फावर हातमागाचे ओले कापड पसरून ठेवतात. दहा ते वीस दिवस ऊन आणि बर्फाची वाफ होताना सुटणारा ओझोन मिळून ते उजळ करतात. त्या देशात मी कधी गेलो नाही. तरीही सोलापूरच्या रखरखीत उन्हात बसून त्या कापडाविषयी वाचताना मन हरखून जाते.

ओजिया-चिजिमी आणि एचिगो-जोफु ही त्या कापडांची नावे. रॅमी या झुडपाच्या सालीतील तंतू नखाने चिरायचे, पिळून जोडत त्यांचे सूत करायचे, नक्षीनुसार लडी बांधून रंगवायच्या, आणि उभ्या धाग्यांचा ताण विणणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याने सांभाळला जातो अशा मागावर विणायचे, ही सारी कामे हातानेच होतात. पुढे कापड गरम पाण्यात धुऊन पायांनी तुडवतात. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, खड्डामागावर बसून धोटा फेकण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना या कामातली मेहनत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

मला सर्वाधिक आदर वाटतो तो जपानच्या 1950 च्या सांस्कृतिक संपदा संरक्षण कायद्याविषयी, कारण त्याने मंदिरे आणि मूर्तींच्या जोडीने हातातल्या कसबालाही राष्ट्राची संपदा मानले. या विणकामाला 1955 मध्ये तो मान मिळाला आणि 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत त्याचा समावेश झाला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे; पण ते मानांकन मालाचे नाव जपते, विणणाऱ्याचे कसब पुढच्या पिढीकडे जाईल याची तजवीज त्यात नाही.

जपानी लोक केवळ जुन्याला कवटाळून बसले, असेही नाही. क्योतोच्या निशिजिन भागातील विणकरांनी 1872 मध्ये आपली माणसे फ्रान्समधील ल्यों शहरात पाठवली आणि जॅकार्डचे, म्हणजे छिद्रे पाडलेल्या पत्त्यांनी धागे उचलून नक्षी विणण्याचे तंत्र आणले. उलटी केली की जमिनीचा आणि नक्षीचा रंग अदलाबदल होतो, ती आपली चादरही जॅकार्डवरच विणली जाते. निशिजिनमध्ये यंत्रमाग आले, तरी हातमागही टिकले, आणि रेशमी ओबी, म्हणजे किमोनोवर बांधायचे कमरपट्टे, आजही त्या दोन्हींवर विणले जातात.