दिवा मालवल्याचं समाधान

आज सकाळी पाणी तापायची वाट बघत उभी होते, तेव्हा सहज हिशोब मांडला. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धा युनिट वीज लागते. तेवढ्या विजेवर नऊ वॅटचा एलईडी दोन दिवस, दोन रात्री सलग जळेल. वीज कोळशाची असेल तर युनिटमागे साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड, म्हणजे माझी अंघोळ होईस्तोवर अर्धा किलो वायू कुठल्यातरी धुराड्यातून वर गेलेला असतो. आणि मी खूश कशावर, तर खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवला यावर! दिवा डोळ्यांना दिसतो म्हणून टोचतो. तासाला दीड युनिट खाणारा एसी मात्र टोचत नाही, उलट गार वाटतं. दात कोरून पोट भरत नाही हे पैशाच्या बाबतीत आपल्याला बरोबर कळतं.

मग नेहमीचा प्रश्न येतोच: माझ्या एकटीने काय फरक पडणार? डेरेक पार्फिट या तत्त्वज्ञाने १९८४ साली यावर एक भयंकर कल्पना मांडली होती. हजार छळणारे, हजार बळी. प्रत्येक छळणारा एकदाच बटण दाबतो आणि त्याने प्रत्येक बळीची वेदना इतकी किंचित वाढते की त्याला ती जाणवतसुद्धा नाही. हजार बटणं दाबून झाली की मात्र सगळे बळी तडफडत असतात. आता यात निर्दोष कोण? मला तरी कोणी सापडत नाही. आपलं बटण तर आणखी सोयीचं आहे, कारण आज सोडलेल्या वायूचा बराचसा भाग शेकडो वर्षं हवेत राहतो. ज्यांना तो भोवेल त्यातले कितीतरी अजून जन्मलेलेच नाहीत.

माणशी कार्बनचा हिशोब मांडणारं गणकयंत्र २००४ साली बीपी या तेल कंपनीने लोकांपुढे आणलं, हे वाचून संताप आला होता. तेल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला पाप मोजायला बसवायचं! पण सांगणारा लबाड असला म्हणून बेरीज चुकत नाही. ती सगळ्यांना सारखी लागू नाही, एवढंच. जगातले सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोक जवळपास निम्म्या उत्सर्जनाला कारण आहेत आणि दुसरीकडे कोट्यवधी घरांत अजून वीजच नाही. त्यांना काटकसर शिकवणं हा शुद्ध निर्लज्जपणा. जबाबदारी ज्याच्या हातात निवड आहे त्याची, आणि माझ्या हातात ती भरपूर आहे.

म्हणून चार्जर उपटत बसण्याचा नाद सोडला. एसी, गरम पाणी आणि विमान, एवढ्यांचाच विचार करायचा. पहिल्या दोन्हींचं जमेल. अडतं ते विमानापाशी. अटलांटिकपार जाऊन यायचं तर माणशी टनभर वायू सहज होतो, आणि माझी जवळची माणसं नेमकी तिकडे आहेत. त्यांना न भेटणं मला जमणार नाही. दरवर्षीऐवजी एक वर्षाआड जाऊन जास्त दिवस राहायचं, असं सध्या तरी ठरवलंय. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.