आमची वाटचाल : भोसरीच्या टूलरूममधून खुब्याच्या सांध्यापर्यंत

भोसरी एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप मुळात गेज (भागाचं माप तपासायची साधनं) आणि फिक्श्चर (भाग घट्ट धरून ठेवणारी साधनं) यांचं. वडिलांनी ते सुरू केलं तेव्हापासून गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने हेच आमचं गिऱ्हाईक. ड्रॉइंग हातात आलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : डेटम कुठला? म्हणजे माप कुठल्या पातळीपासून घ्यायचं? ते कळल्याशिवाय ‘४० अंश’ या आकड्याला काही अर्थ नाही. आज आम्ही खुब्याच्या सांधेबदल शस्त्रक्रियेसाठी कोनमापक बनवतो, ते याच प्रश्नामुळे.

शहरातले एक अस्थिरोगतज्ज्ञ कपाच्या इन्सर्टरची, म्हणजे कप धरून जागी बसवायच्या दांड्याची, मूठ दुरुस्तीला घेऊन आले आणि आम्ही या कामात ओढले गेलो. कप म्हणजे कमरेच्या हाडात ठोकून बसवायची धातूची वाटी. तिचं तोंड बाजूला किती उघडं, हे इन्क्लिनेशन. पुढे किती वळलेलं, हे अँटेव्हर्जन. १९७८ साली लेविनेक या अस्थिरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्क्लिनेशन ४० अंश आणि अँटेव्हर्जन १५ अंश, दोन्ही अधिक-उणे १०, अशी सुरक्षित मर्यादा मांडली. अँटेव्हर्जन कमी पडलं तर उकिडवं बसताना सांधा मागे निखळू शकतो, जास्त झालं तर पुढे. आपल्या माणसांना मांडी घालून जेवायचं असतं, देवासमोर वाकायचं असतं. डॉक्टर हे सगळं कळवळून सांगत होते. कोन कसा मोजता असं विचारल्यावर म्हणाले, “बहुतेक वेळा नजरेने.”

आमचं पहिलं उपकरण साधं होतं. मुठीवर बसणारा व्ही-ब्लॉकचा (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्याचा) क्लॅम्प आणि त्यावर लंबकाचा कोनमापक. प्रत्येक कंपनीच्या इन्सर्टरचा दांडा वेगळ्या जाडीचा असतो, त्याला व्ही-ब्लॉक हा टूलरूमचा जुना आणि खात्रीचा उपाय. पेशंट कुशीवर झोपवलेला असला की शरीराचे उजवा-डावा असे दोन भाग करणारी मधली पातळी जमिनीला समांतर येते, त्यामुळे इन्क्लिनेशन गुरुत्वाकर्षणावर थेट मोजता येतं. अँटेव्हर्जन मात्र तसं मोजता येत नाही. ते उभ्या अक्षाभोवतीचं वळण आहे आणि त्या वळणाने लंबक हलतच नाही. म्हणून शरीराच्या लांबीला समांतर धरायची एक दांडी जोडावी लागली.

हे घेऊन गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, “अहो, पेशंट टेबलावर सरळ आहे हे तुम्ही गृहीत धरलंय. रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी धरायचा आकडा, ओढला की पेल्व्हिस, म्हणजे कमरेचं हाड, पुढे कलंडते.” म्हणजे डेटमच हलत होता! ज्यावर ठेवून माप घ्यायचं ती सपाट सरफेस प्लेटच हलत असेल तर वरच्या मोजमापाला कोण विचारतं? तिथून आमच्या कामाची दिशा बदलली. कपापेक्षा पेल्व्हिसकडे आधी पाहायचं, तिच्या हाडात पिन बसवून संदर्भ तिथूनच घ्यायचा. आमच्या सध्याच्या उपकरणाचे म्हणून दोन भाग आहेत, एक पिनेवर आणि एक मुठीवर.

मधली वर्षं ऑटोक्लेव्हने, म्हणजे उपकरणं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राने, खाल्ली. १३४ अंश सेल्सिअसच्या वाफेत वारंवार जाऊनही खुणा पुसट होऊ नयेत, उपकरणाच्या जोडांत पाणी राहू नये, यासाठी स्टेनलेस स्टीलचा ग्रेड आणि लेझर मार्किंग दोन्ही पुन्हा ठरवावं लागलं. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांची कागदपत्रं माझ्या बहिणीने एकहाती उभी केली. तिच्याशिवाय परवाना मिळाला नसता.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मात्र उपकरणाच्या डबीत ठेवलेलं एक कार्ड. मरे या सर्जनांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं की एकाच कपाचे कोन शस्त्रक्रियेच्या, एक्स-रेच्या आणि शरीररचनेच्या व्याख्येने वेगवेगळे येतात. टेबलावर इन्क्लिनेशन ४० आणि अँटेव्हर्जन २० अंशांत बसवलेला कप एक्स-रेवर साधारण ४२ आणि १५ दिसतो. दोन्ही आकडे बरोबर! एक्स-रेवर कपाची कड लंबवर्तुळ दिसते. लहान अक्ष भागिले मोठा अक्ष, हा अँटेव्हर्जनच्या कोनाचा साइन. ५० मिलिमीटरला १३ आले की १५ अंश. कोन लावायच्या आमच्या साइन बारचंच हे गणित, त्यामुळे कारागिरांना ते एका बैठकीत कळलं. कार्डावर हे रूपांतर छापलेलं आहे, कारण सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट वेगवेगळे आकडे बोलत असतील तर कोणाचं चुकलं यावर विनाकारण वाद होतो.

लेविनेकच्या मर्यादेत बसवलं म्हणजे काम झालं, असं आम्ही कुणालाही सांगत नाही. २०१६ मध्ये मेयो क्लिनिकच्या अभ्यासात निखळलेल्या सांध्यांपैकी ५८ टक्के त्या मर्यादेतच होते. माणूस बसला की पेल्व्हिस मागे कलते आणि कपाचं तोंड आणखी पुढे उघडतं; पाठीचा कणा ताठर असेल तर ही हालचालच होत नाही. त्यामुळे सध्या आम्ही पिनेच्या भागावर जुळवता येणारी चकती बसवतो आहोत. उभं राहून आणि बसून काढलेल्या एक्स-रेवरून सर्जनने त्या पेशंटसाठी ठरवलेला कल तिच्यावर आधीच लावता येईल. तिचे नमुने आता दोन सर्जनांकडे आहेत, प्लास्टिकच्या हाडांवर तपासायला.