मेट्रोची तारीख कारशेडला विचारा

खांब उभे राहिले, गर्डर चढले, की आता वर्षभरात मेट्रो धावणार असं वाटायला लागतं. मुंबईच्या उपनगरांत हा हिशेब हमखास चुकतो. गाडी सुटते कारशेडमधून, आणि कारशेडची जागा ठरते मंत्रालयात. रात्री रेक, म्हणजे मेट्रोच्या गाड्या, उभे करायचे, खालून तपासायचे, धुवायचे, झिजलेली चाकं लेथवर खरवडून पुन्हा गोल करायची, तर मोठी, सलग आणि सपाट जमीन लागते. मुंबईत अशी जमीन म्हणजे आरेचं जंगल, मिठागर नाहीतर कुणाची तरी शेती. वाद ठरलेलाच.

मेट्रो ३ चंच बघा. कुलाबा ते सीप्झ, ३३.५ किलोमीटर भुयारी. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं याचिका फेटाळताच त्याच रात्री आरेत करवती चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं थांबवेपर्यंत २,१४१ झाडं पडली. २९ नोव्हेंबरला नवे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी कारशेडला स्थगिती दिली. म्हणजे झाडंही गेली आणि कारशेडही नाही! ऑक्टोबर २०२० मध्ये कांजूरमार्गची १०२ एकर जागा जाहीर झाली. पण तिच्यावर केंद्राच्या मीठ आयुक्तालयाचा दावा होता, खासगी दावेदारही होते. मालकी निकाली न काढताच जागा दिली गेली आणि १६ डिसेंबरला उच्च न्यायालयाची स्थगिती आली. जुलै २०२२ मध्ये शिंदे सरकारनं कारशेड पुन्हा आरेत नेली. आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) टप्पा सुरू झाला ऑक्टोबर २०२४ मध्ये. कफ परेडपर्यंत जायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. २३,१३६ कोटींचा प्रकल्प ३७ हजार कोटींवर गेला, अर्थात सगळाच फरक कारशेडच्या माथी मारता येणार नाही.

आरेला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं वाजवी होतं. पण तो निर्णय भुयार खणायला घेण्याआधी व्हायला हवा होता. खणून झाल्यावर जागा बदलली की नुसती शेड हलत नाही. सीप्झपुढे रूळ जमिनीतून वर काढून थेट कांजूरपर्यंत न्यायचे, म्हणजे आराखडा नव्यानं करणं आलं.

मेट्रो ९ चंही तसंच. मिरा-भाईंदरची कारशेड राई-मुर्धा-मोर्वा इथे होणार होती. गावकऱ्यांनी विरोध केला, तशी ती उत्तनजवळच्या डोंगरीला गेली. तिथे १२ हजारांहून जास्त झाडांचा प्रश्न उभा राहिला. ही मार्गिका मेट्रो ७ चाच पुढचा भाग असल्यानं चारकोपच्या कारशेडवर काम भागवता तरी येतं. स्वतंत्र मार्गिकेला ती सोय नसते.

म्हणून 'अमुक टक्के काम पूर्ण' अशी बातमी आली, की त्यात कारशेडच्या जमिनीचा ताबा मिळालाय का, कोर्टाची स्थगिती आहे का आणि मुख्य मार्गाला जोडणारा रूळ टाकलाय का, ते आधी शोधा. मार्गिका टप्प्यांनी उघडणार असेल तर पहिला टप्पा बहुधा कारशेडच्या टोकाकडूनच सुरू होतो. मेट्रो ३ आरेकडून सुरू झाली, मेट्रो २ ब ची चाचणीही तिची कारशेड असलेल्या मंडाळेकडूनच.